चेरोपचं वय

१२ जून, बुधवार

आल्या दोघी! चेसांग, आणि तिच्या पाठीला बांधलेली मुलगी, चेरोप. चौदा महिन्यांची आहे म्हणून कोगोंनी सांगितलं. कोगो म्हणजे माझ्या सासूबाई. सगळा डोंगर त्यांना कोगो, म्हणजे आजी म्हणतो, मग मीच एकटी सासूबाई कशाला म्हणू?

आजपासून मी नवरा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! कोगो सगळ्यांदेखत म्हणाल्या, "रोडा, आता घरात शिरताना खाकरत जा. आत बाईमाणूस आहे." चेसांगलाही हसू आलं. बारीक मुलगी आहे. सोटिककडची.

आमच्यात हे काही आजचं नाही. मूल नसलेल्या विधवेनं बायको करून आणायची आणि तिची मुलं गेलेल्या माणसाच्या नावानं वाढवायची. घराला टेकू लावणं म्हणतात. येतानाच एक मूल घेऊन आली तर आणखी बरं – "तयार टेकू!" इति कोगो. बाप कोण, हे विचारायचं नसतं. मी विचारलं नाही.

सतरा ऑगस्टला म्हाताऱ्या माणसांसमोर तिच्या मनगटाला मी गवत बांधायचं. तोवर ती पाहुणी. बांधलं की बायको, आणि मुलगी आमच्या घराची.

हे जाऊन सव्वादोन वर्षं झाली. आज पहिल्यांदा मक्याच्या पिठाची उगाली कमी पडली. किती बरं वाटलं!

१५ जून, शनिवार

बोमेटच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक पुस्तक मिळालं. मूल कितव्या महिन्यात काय करतं, चित्रांसकट. कुठल्या तरी लांबच्या देशातलं, स्वाहिलीत आणलेलं. मला मूल वाढवायचं ठाऊक नाही, तर निदान वाचून तरी घ्यावं.

वाचायला मी तिशीनंतर शिकले, मटण बांधून यायचं त्या वर्तमानपत्रांवर. हे शेजारी बसून चहा प्यायचे, पण एक अक्षर सांगायचे नाहीत. "तुला वाचता आलं तर माझ्यापाशी काय उरेल?" म्हणायचे. गमतीनं म्हणायचे.

पुस्तकात लिहिलंय, मूल सातव्या महिन्यात बसतं. सातव्या! शेजारच्या जॉयलिनला वाचून दाखवलं तर तिनं हसून हसून कुंपण धरलं. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात मुलाला जमिनीत बेताचा खड्डा करून बसवतात, भोवती कांबळं कोंबतात. पाचव्यापर्यंत ते आपलं आपण बसायला लागतं. माझी आई तापकिगेन सांगायची, मला बसवलेला खड्डा तिनं पुढे कित्येक वर्षं बुजवला नव्हता. (आई आणि कोगो एका डोंगरावरच्या, बरोबरीनं वाढलेल्या. आई मी या घरात यायच्या आधीच गेली.)

म्हणून बसण्या-चालण्याच्या पानांवर मी काट मारली. आमच्या मुलांचे पाय पुस्तकाच्या पुढे पळतात. बोलणं, हात आणि दात, एवढ्यांवरच विसंबायचं.

१९ जून

मुलगी नावाला वळत नाही. "चेरोप!" म्हटलं की समोर बघत बसते. वर्षाचं मूल हाकेला वळतं, असं पुस्तकात आहे.

२० जून

पुन्हा तेच. दहादा हाक मारली असेल. कानानं अधू असली तर?

चेसांगला म्हटलं. ती घाईनं म्हणाली, "लाजते हो, आई." चौदा महिन्यांचं मूल लाजतं?

२१ जून, शुक्रवार

तिच्या मागे उभी राहून पत्र्याच्या डब्यावर चमचा वाजवला. गर्रकन वळली! दूर गायीच्या गळ्यातली घंटा वाजली, तिकडेही बोट दाखवलं. कान शाबूत आहेत. देवाचे आभार. मग नावाचंच काय?

जॉयलिन म्हणाली, "नवरा झालीस ते झालीस, वर डॉक्टरपण?" तिचा नातूही चौदा महिन्यांचाच आहे. दोघांना शेजारी बसवलं. चेरोप अंगानं त्याच्याएवढीच. पण त्याची टाळू अजून मऊ आहे, बोट ठेवलं की उडते. चेरोपची टाळू भरलेली. कपाळासारखी घट्ट.

असतं कुणाचं लवकर.

२६ जून

चेसांग तिला पाठीवरून खाली उतरूच देत नाही. कुठे जायचं तर पाठीवर, भांडी घासायची तरी पाठीवर. भरवतेही पातळ पेजच. "लहान आहे हो अजून."

२ जुलै, मंगळवार

काय ऐकलं मी आज!

कणगीमागे घेवडा सोलत बसले होते. पलीकडे कोंबड्यांत मुलगी. चेसांग पाण्याला गेलेली, म्हणजे गेली असं मुलीला वाटत होतं. आणि हे पोर कोंबडीला म्हणतं, "जा! कोंबडी, जा! माझं आहे!"

स्वच्छ. "माझं आहे."

चेसांग मागून आली, हंडा टाकला आणि तिच्या तोंडावर हात दाबला. मुलगी रडली नाही. सवय असल्यासारखी गप्प झाली.

मी घेवडा तसाच सोलत राहिले. हात थांबले नाहीत, पण शेंगा कुठे आणि दाणे कुठे टाकले, काही कळलं नाही.

३ जुलै

पोरीला लहान राहायला शिकवलं आहे. कुणी? का?

५ जुलै, शुक्रवार

आमच्यात मूल कधी जन्मलं त्यावर नाव असतं. गुरं निघताना, शेळ्या परतताना, पहाटे, पावसात. नावं काही हजार नाहीत. चेसांग चुलीशी होती. मी अंगणात मुलीकडे पाठ करून, शेंगा मोजत असल्यासारखं पुटपुटत गेले – चेरोनो. चेलांगात. चेपकोएच. चेरोतिच. काही नाही.

चेपकेमेइ.

मागून पावलं आली, धावत. गुडघ्याला हात लागला.

चेरोप म्हणजे पावसातली. चेपकेमेइ कोरड्या दिवसांतली. मला सांगितलं होतं, गेल्या एप्रिलात धो धो पाऊस पडत होता तेव्हा झाली.

७ जुलै, रविवार

चर्चला गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. खरंच दुखत होतं.

कोरडे दिवस दरवर्षी येतात. नाव ऋतू सांगतं, साल सांगत नाही. गेल्या वर्षीच्या जानेवारीतली असेल तर आज सतरा महिन्यांची. म्हणजे चेसांगच्या पोटात राहिली ती हे गेल्यानंतर. मग तीन महिन्यांसाठी कुणी खोटं बोलेल का?

आणि त्याच्या आदल्या वर्षीची असेल तर अडीच वर्षांची होत आली. तेव्हा हे होते. ट्रक चालवत होते. चहाची हिरवी पानं भरून, सोटिकच्याच रस्त्यानं.

सतरा महिने की एकोणतीस? एवढंच. एवढंच कळलं पाहिजे मला.

९ जुलै, मंगळवार

चेसांगला दळायला पाठवलं. "मूल राहू दे माझ्यापाशी." जाताना तीनदा वळून बघितलं तिनं.

मुलीसमोर खडे ठेवले. एकावर एक सात रचले, आठवा पडला तेव्हा माझ्याकडे बघून हसली. सतरा महिन्यांच्या मुलाचे तीन होतात.

मी पायरीवरून उडी मारून दाखवली. (जॉयलिन कुंपणाजवळ उभी होती. "रोडा! लग्नात नाचायची तयारी का?") मुलीनंही मारली. दोन्ही पाय जोडून! पुस्तकात हे दोन वर्षं उलटल्यावर, पण पायांचं मी धरत नाही.

मक्याचं कणीस दिलं. तिनं ते पाठीला बांधायला माझ्या ओढणीचं टोक ओढलं. "बाळ झोप," म्हणाली.

मग मांडीवर घेऊन तोंडात बोट घातलं. मागे, अगदी मागे, दुसऱ्या दाढा. वरच्या आलेल्या, खालच्या हिरडी फोडून येताहेत. चावली मला! रक्त आलं थोडं.

अंग सतराचंही नाही. खायलाच मिळालं नसेल. बाकी सगळं अडीच वर्षांचं.

संध्याकाळ

त्या जानेवारीत हे म्हणाले होते, सोबतच्या ड्रायव्हरची बायको बाळंत झाली आहे, तिला कुणी नाही. मी नाचणी निवडली, भाजली, दळली. बाळंतिणीला पेज लागते. वाळवून पोकळ केलेला दुधाचा भोपळाही भरून दिला, दूध टिकावं म्हणून आतून कोळसा नीट फिरवून. हे म्हणाले, "तुझ्यासारखं मन कुणाचं नाही, रोडा."

माझ्या हातच्या पिठाची पेज!

दोन महिन्यांनी हे गेले. ट्रक वळणावर उलटला. मी केस काढले. सव्वादोन वर्षं रोज त्यांचा कप धुऊन पालथा घालते.

१० जुलै

कप उताणा ठेवला.

आजपासून 'हे' नाही. वेल्डन. वेल्डननं मला फसवलं. लिहिलं.

११ जुलै, गुरुवार

चेसांगला काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, "चेपकेमेइला आज उगाली दे. दाढा आहेत तिला."

ती मग आत गेली, गाठोडं सोडलं आणि भोपळा आणून माझ्या पायाशी ठेवला. तडा गेला होता तो, मीच शिवला होता, लाल मण्याच्या टाक्यानं. माझा टाका आहे तो! भोपळा आतून स्वच्छ, कोळशाचा वास अजून. इतकी वर्षं जपलेला.

"ते म्हणाले होते, घरची माणसं चांगली आहेत," एवढंच बोलली.

ती एक भोपळा परत करते आहे. माझं बाकीचं कोण परत करणार?

१२ जुलै, शुक्रवार

कोगोंकडे गेले. सुपात नाचणी पाखडत होत्या.

"किती महिन्यांची आहे, कोगो?"

"सांगितलं ना. चौदा होते, आता पंधरा–"

"अडीच वर्षांची आहे."

सूप थांबलं. "पुस्तकात लिहिलंय वाटतं?"

"तिच्या तोंडात लिहिलंय. बोट घालून बघितलं मी."

खडा शोधल्यासारखं करत बराच वेळ नाचणीत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ट्रक घेऊन डोंगर उतरताना माझा लेक कधी भ्याला नाही. तुला मात्र भ्यायचा."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुला सोडून?"

खाली बसले मी. तिथेच, मातीत.

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस घरात?"

"नाही."

"मग?" आणि पुन्हा पाखडायला लागल्या. "ते पोर बाहेर राहिलं असतं तर ना जमीन, ना नाव. तू गवत बांधलंस की कुणी बोट दाखवू शकत नाही. तुझ्याच हातून व्हायला हवं होतं."

माझ्याच हातून! माझ्या हातून पेज, माझ्या हातून भोपळा, आता माझ्याच हातून गवत.

१३ जुलै

जॉयलिनला कुंपणावरून विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"रोडा–"

"हो की नाही?"

"तू किती खूश होतीस गं! पुस्तक घेऊन आलीस तेव्हा..." आणि रडायला लागली. मी रडले नाही. माझ्या वाटचं तीच रडली, बरं झालं.

१४ जुलै

काही नाही.

१८ जुलै, गुरुवार

आता लपवायचं काही उरलं नाही, तर पोर बोलत सुटली आहे. दिवसभर! साठवून ठेवलेलं सगळं एकदम. "गाय गेली. मोठी गाय. हे काय? हे काय? आजी चिडली. आजी, हे काय?" आजी म्हणजे मी. कुणी शिकवलं कोण जाणे.

उत्तर देत नाही मी. कालवड, असं एकदा तोंडातून गेलं. तेवढंच.

२५ जुलै

कुणाचा चेहरा आहे तिचा? रोज बघते. भुवया वेल्डनच्या. हसणं नाही. हसणं कुणाचंच नाही.

मला पोर व्हावं म्हणून सोळा वर्षं मी औषधाची मुळं उकळून प्याले. तो समोर बसून म्हणायचा, "कडू आहे का गं फार?"

२ ऑगस्ट, शुक्रवार

चेसांगला सांगितलं, सतराच्या आधी जा. गवत मी बांधणार नाही.

"कुठे जाऊ, आई?"

"आली होतीस तिथे."

"तिथे माझ्या भावानं गायी घेतल्यात." म्हणजे नवरीच्या बदल्यात कोगोंनी दिलेल्या. माझ्या लग्नाच्या गायी! माझ्याच गोठ्यातून गेलेल्या! हसूच आलं मला. बराच वेळ हसले. मुलगीही हसायला लागली, काही न कळता. मग थांबले.

ती वाईट मुलगी नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण नाही. तिला तेव्हा विसावं तरी होतं का? तो चाळीस उलटलेला. कोण कुणाला फसवत होतं, हे मला कळतं.

पण कळलं म्हणून कुणी घरात ठेवून घ्यावं?

९ ऑगस्ट

म्हातारे येऊन गेले. गवत नाही म्हणजे चेसांग परत, गायी परत, मुलगी तिच्याबरोबर. वेल्डनचं घर मिटलं. माझ्यानंतर जमीन त्याच्या चुलत भावांची. "विचार कर, रोडा." पुरुषांसारखे खाकरून बोलतात माझ्याशी. नवरा आहे ना मी.

विचार केला म्हटलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

कोगो आल्या. काठी टेकत, एकट्या. चहा घेतला नाही.

"एक राहिलं होतं सांगायचं."

"अजून आहे?"

"जन्मली तेव्हा मी गेले होते नाव शोधायला." म्हणजे नवं पोर झालं की मेलेल्यांची नावं एकेक घेतात, नाकाशी तपकीर धरतात, ज्या नावाला पोर शिंकेल ते माणूस परत आलं समजायचं. "आमचे सगळे घेतले. माझी सासू, तिची सासू, सगळ्या. शिंकली नाही. चेसांगच्या घरच्या घेतल्या. नाही. चिमटीतली तपकीर संपत आली, माझं तोंड दुखायला लागलं. मेल्यांत आणखी कोण बाई माझ्या ओळखीची, म्हणून आठवू लागले. तर लहानपणी माझ्याबरोबर लाकडं आणायला यायची ती आठवली."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"तापकिगेन म्हटलं. अशी शिंकली की टोपडं उडालं."

"खोटं."

"असेल. मी खोटं बोलते हे आता तुला माहीतच आहे." काठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. "वेल्डन तिथेच होता. रडला. म्हणाला, आता मी रोडाला काय तोंड दाखवू. मी म्हटलं, दाखवूच नकोस. ते माझं चुकलं."

उठताना म्हणाल्या, "म्हणून तुझ्याकडे आणली. टेकूबिकू लोकांना सांगायला."

१४ ऑगस्ट

खोटं बोलते आहे म्हातारी. नातवंडासाठी काहीही बोलेल. माझ्या आईला सोडायची नाही! आता आईसुद्धा यांच्या कामाला लावली!

चेसांगचं गाठोडं बांधून झालं आहे. भोपळा तिनं ठेवला आहे, माझ्या फळीवर, उताण्या कपाशेजारी.

१५ ऑगस्ट, गुरुवार

आईचा चेहरा आठवेना. तो खड्डा आठवतो. मी मोठी झाले तरी होता, दाराच्या डाव्या बाजूला, पाऊस पडला की भरायचा. बुजव म्हटलं की म्हणायची, "राहू दे. लागेल."

१६ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी चेसांग गाठोडं घेऊन दारात. मुलगी अंगणात, पाठमोरी, खडे रचत. मी उंबऱ्यात उभी राहून, डबा न वाजवता, अगदी हळू म्हटलं –

"तापकिगेन."

वळली.

चेसांगकडे बघितलं तर ती मान खाली घालून म्हणाली, "ते गेल्यावरही मी त्यांच्यासारखंच हे नाव गाऊन झोपवायची, आई. दुसरं गाणं मला येत नव्हतं."

दुपारी ओढ्यावर जाऊन गवत कापून आणलं. भिजत घातलं आहे, उद्यापर्यंत मऊ होईल.